क्रिस्टिना (स्वीडनची राणी)

क्रिस्टिना (१८ डिसेंबर १६२६ – १९ एप्रिल १६८९) ही स्वीडनची राणी, युरोपातील एक प्रभावी कलाश्रयदाती आणि प्राचीन नाण्यांची संग्राहक होती. वडिलांच्या मृत्यूनंतर ती १६३२ मध्ये गादीवर आली. १६५४ मध्ये तिने स्वेच्छेने राज्यत्याग केला, कॅथलिक पंथ स्वीकारला आणि उर्वरित आयुष्याचा बहुतेक काळ रोममध्ये घालवला. तिच्या संग्रहात रोमन सम्राटांच्या काश्य नाण्यांचा मोठा भाग होता. अशा नाण्यांच्या मागील बाजूस मिनर्व्हा, ज्यूनो, सीरीझ, फोर्चुना, व्हिक्टोरिया इत्यादी देवता आढळतात. या प्रतिमांचा अभ्यास तिच्यापुरता केवळ पुराणवस्तूंचा छंद राहिला नाही. अविवाहित, पुढे राज्यहीन झालेल्या या स्त्रीने स्वतःचे सार्वभौमत्व दाखवण्यासाठी रोमन नाण्यांचीच भाषा वापरली आणि स्वतःच्या पदकांवर ती मिनर्व्हा देवीच्या रूपात अवतरली.

जन्म आणि बालपण

क्रिस्टिनाचा जन्म स्टॉकहोम येथे झाला. तत्कालीन स्वीडनमध्ये रूढ असलेल्या जुन्या दिनदर्शिकेनुसार ती तारीख ८ डिसेंबर होती. वडील राजा दुसरा गुस्टाफ आडोल्फ आणि आई ब्रांडेनबुर्ग घराण्यातील मारिया एलेओनोरा. जन्माच्या वेळी मूल मुलगा आहे असा समज झाला होता व तो काही वेळाने दूर झाला. राजाला दुसरे औरस अपत्य जगले नाही. त्यामुळे मुलीला राजपुत्राप्रमाणे शिक्षण द्यावे अशी व्यवस्था त्याने करून ठेवली. तीस वर्षीय युद्धात, नोव्हेंबर १६३२ मधील लुट्झेनच्या लढाईत तो मारला गेला. तेव्हा वारसदार मुलीला सहावे वर्षही पूर्ण झाले नव्हते.

राज्यकारभार प्रधान आक्सेल ऑक्सेनस्टिएर्ना याच्या नेतृत्वाखालील मंडळाने सांभाळला. धर्मशास्त्रज्ञ योहानेस माथिए हा तिचा शिक्षक होता. लॅटिन, ग्रीक, फ्रेंच, जर्मन, इटालियन अशा अनेक भाषा, प्राचीन इतिहास आणि राज्यशास्त्र या विषयांत तिने लहान वयातच गती मिळवली. घोडेस्वारी आणि शिकार यांतही ती तरबेज होती. राजकारणाचे धडे तिला खुद्द ऑक्सेनस्टिएर्नाने दिले आणि पुढे त्याच शिकवणीच्या बळावर तिने त्याला विरोधही केला.

राज्यकाल

१६४४ मध्ये तिने प्रत्यक्ष कारभार हाती घेतला. युद्ध लवकर संपावे असा तिचा आग्रह होता व १६४८ च्या वेस्टफालियाच्या तहाच्या वाटाघाटींत तिने प्रधानाच्या मताविरुद्ध जाऊन तडजोडीला पाठिंबा दिला. मात्र तहावर सह्या होण्यापूर्वीच, जुलै १६४८ मध्ये, स्वीडिश सैन्याने प्रागचा एक भाग काबीज केला. सम्राट दुसरा रुडॉल्फ याने जमवलेल्या संग्रहातील चित्रे, रत्ने, हस्तलिखिते आणि दुर्मीळ वस्तू तेथून स्टॉकहोमला आणण्यात आल्या. शांततेची पुरस्कर्ती म्हणून गौरवल्या गेलेल्या राणीच्या संग्रहाचा गाभा अशा रीतीने युद्धातील लुटीतून उभा राहिला.

या काळात तिने युरोपातील विद्वानांना दरबारी बोलावले. तत्त्वज्ञ रने देकार्त १६४९ मध्ये आला आणि फेब्रुवारी १६५० मध्ये तेथेच न्यूमोनियाने मरण पावला. डच पंडित इसाक व्होसियस तिचा ग्रंथपाल होता. निकोलास हाइन्सियस याला ग्रंथ व प्राचीन वस्तू मिळवण्यासाठी इटलीला पाठवण्यात आले. फ्रेंच जाणकार राफाएल त्रिशे द्यु फ्रेन याच्याकडे तिच्या कलासंग्रहाची देखरेख होती. स्टॉकहोमचा उल्लेख उत्तरेचे अथेन्स असा होऊ लागला आणि तिला उत्तरेची मिनर्व्हा हे बिरुद मिळाले. १६४९ मध्ये येरेमियास फाल्क याने कोरलेल्या ताम्रपटचित्रात ती शिरस्त्राण घातलेल्या मिनर्व्हाच्या रूपात दिसते.

हे बिरुद दरबारी स्तुतीचा भाग होता, हे खरे. तरीही निवड सहज झालेली नव्हती. मिनर्व्हा ही विद्येची आणि युद्धाचीही देवता, आणि मुख्य म्हणजे ती अविवाहित. क्रिस्टिनाने याच सुमारास विवाहास कायमचा नकार दिला आणि आतेभाऊ कार्ल गुस्टाफ याला वारस म्हणून मान्य करवून घेतले. राणीने लग्न करून वारस द्यावा ही दरबाराची अपेक्षा होती. त्या अपेक्षेला प्राचीन जगातून दिलेले उत्तर म्हणूनही या प्रतिमेकडे पाहता येते.

राज्यत्याग आणि धर्मांतर

ऑक्टोबर १६५० मध्ये तिचा राज्याभिषेक मोठ्या थाटात झाला, पण चार वर्षांच्या आतच तिने गादी सोडली. ६ जून १६५४ रोजी उप्साला येथील किल्ल्यात राज्यत्यागाचा विधी झाला. मस्तकावरील मुकुट उतरवण्याचे काम सरदार पेर ब्राहे याच्याकडे होते. तो जागचा हलला नाही, तेव्हा तिने स्वतःच मुकुट काढला. त्याच दिवशी दहावा कार्ल गुस्टाफ राजा झाला.

कॅथलिक पंथाकडे वाढलेला कल, विवाहाची सक्ती, रिकामा होत चाललेला खजिना अशी अनेक कारणे राज्यत्यागामागे सांगितली जातात. सरदारांना तिने मुक्तहस्ताने वाटलेल्या जमिनींमुळे राजसत्तेचे उत्पन्न घटले होते, ही बाब तिच्या चाहत्यांनी लिहिलेल्या चरित्रांत बहुधा मागे पडते. डिसेंबर १६५४ मध्ये ब्रसेल्स येथे तिने गुप्तपणे आणि ३ नोव्हेंबर १६५५ रोजी इन्सब्रुक येथे जाहीरपणे कॅथलिक पंथ स्वीकारला. ज्या गुस्टाफ आडोल्फने प्रॉटेस्टंट पक्षासाठी प्राण दिले त्याची मुलगी पोपच्या भेटीस निघाली, ही घटना युरोपभर खळबळजनक ठरली. डिसेंबर १६५५ मध्ये ती रोमला पोहोचली. पोप सातवा अलेक्झांडर याने तिचे समारंभपूर्वक स्वागत केले.

देश सोडण्यापूर्वी चित्रे, ग्रंथ, रत्ने आणि नाणी यांचा मोठा भाग तिने जहाजांवर चढवून अँटवर्पला रवाना केला होता.

रोममधील जीवन

रोममधील पहिली वर्षे अस्थिर होती. स्वीडनहून मिळावयाचे उत्पन्न युद्धांमुळे वारंवार थांबे. नेपल्सचे राज्य मिळवण्याचा बेत तिने फ्रान्सच्या मदतीने आखला, पण तो फसला. या बेताची माहिती फोडल्याच्या संशयावरून तिने आपला सेवक मार्क्विस मोनाल्देस्की याला १० नोव्हेंबर १६५७ रोजी फोंतेनब्लो येथील राजवाड्यात ठार करविले. राज्य सोडले तरी आपल्या सेवकांवरील न्यायाधिकार आपल्याकडेच आहे, अशी तिची भूमिका होती. कायद्याच्या काही पंडितांनी ती मान्य केली, तरी फ्रान्स व रोम येथील लोकमत तिच्या विरोधात गेले आणि तिची प्रतिष्ठा पूर्ववत झाली नाही. १६६८ मध्ये पोलंडच्या गादीसाठी तिचे नाव पुढे करण्यात आले, तेही निष्फळ ठरले. कार्डिनल देचो अझ्झोलिनो हा अखेरपर्यंत तिचा निकटचा मित्र आणि व्यवहारातील सल्लागार राहिला.

१६५९ पासून ती तीबर नदीपलीकडील पालाझ्झो रियारिओ या वाड्यात राहू लागली. अठराव्या शतकात पुनर्रचना होऊन हाच वाडा पालाझ्झो कोर्सिनी म्हणून ओळखला जाऊ लागला. येथे तिने विद्वत्सभा भरवल्या आणि संगीतकार आर्कान्जेलो कोरेल्ली व अलेस्सान्द्रो स्कार्लात्ती यांना आश्रय दिला. १६७१ मध्ये सुरू झालेल्या तोर दी नोना या सार्वजनिक नाट्यगृहामागेही तिचा पाठिंबा होता. वाड्यातील एका दालनात तिवोली येथील सम्राट हेड्रियनच्या प्रासादातून मिळालेल्या आठ कलादेवतांच्या संगमरवरी मूर्ती मांडल्या होत्या. या मूर्ती आज माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहेत. १६८६ मध्ये रोममधील ज्यूंना आपले संरक्षण असल्याचे तिने जाहीर केले.

नाणकसंग्रह

सतराव्या शतकात प्राचीन नाणी जमवणे हा राजेरजवाड्यांचा प्रतिष्ठेचा छंद होता. मात्र त्याला शास्त्राचे रूप नुकतेच येऊ लागले होते. ग्रंथांच्या हस्तलिखितांत नकला करताना चुका शिरतात, पण नाण्यावरील चेहरा, नाव आणि बिरुदे त्या त्या राजवटीतच उमटलेली असतात, हा विचार त्या वेळी बळावत होता. त्यामुळे सम्राटांचा क्रम, त्यांची कारकीर्द व नातेसंबंध ठरवण्यासाठी नाणी पुरावा म्हणून वापरली जाऊ लागली. सार्वजनिक संग्रहालये जवळजवळ नसल्याने अभ्यासकाला एखाद्या धनिकाच्या कपाटापर्यंत पोहोचण्यावाचून गत्यंतर नसे. क्रिस्टिनाच्या परिवारात असे अभ्यासक वावरत. जिनिव्हात जन्मलेला एझेकिएल श्पानहाइम हा मुत्सद्दी या काळात रोममध्ये होता. प्राचीन नाण्यांचे महत्त्व व उपयोग यांवरील त्याचा लॅटिन ग्रंथ १६६४ मध्ये रोममध्ये प्रसिद्ध झाला व तो त्याने क्रिस्टिनाला अर्पण केला. पुढील आवृत्त्यांत वाढत गेलेला हा ग्रंथ नाणकशास्त्राच्या पायाभूत ग्रंथांपैकी एक मानला जातो. जोव्हान्नी पिएत्रो बेल्लोरी हा कलाचरित्रकार व पुराणवस्तुज्ञ तिचा ग्रंथपाल होता. नाण्यांची व्यवस्था फ्रांचेस्को कामेली याच्याकडे होती. तिच्या संग्रहातील सोने, चांदी व काशे या तिन्ही धातूंच्या ग्रीक व रोमन नाण्यांची सूची त्याने १६९० मध्ये, म्हणजे राणीच्या मृत्यूनंतर लगेच प्रसिद्ध केली.

संग्राहकांची विशेष ओढ सेस्टर्शियस या मोठ्या पितळी नाण्याकडे असे. साधारण तीन ते साडेतीन सेंटिमीटर व्यासाच्या या नाण्यावर कोरीवकाम करणाऱ्याला ऐसपैस जागा मिळे. देवीच्या वस्त्राच्या चुण्या, हातातील फळाफुलांनी भरलेले शिंग, सुकाणू, तराजू किंवा धान्याची कणसे स्पष्ट ओळखता येत. या खुणांवरूनच देवी कोणती ते ठरते. सुकाणू आणि शिंग घेतलेली ती फोर्चुना, कणसे व मशाल घेतलेली सीरीझ, पंख आणि पुष्पचक्र असलेली व्हिक्टोरिया, ऑलिव्हची डहाळी घेतलेली पॅक्स. शांती, सलोखा, आरोग्य, दूरदृष्टी असे गुणही रोमन नाण्यांवर स्त्रीरूपात येतात आणि त्यांचे नाव बहुधा कडेने कोरलेले असते. मागणी वाढल्याने बनावट नाण्यांचाही सुळसुळाट झाला होता. सोळाव्या शतकातील पादुआ येथील जोव्हान्नी दा काव्हिनो याने रोमन सेस्टर्शियसच्या धर्तीवर पाडलेले नमुने इतके सफाईदार होते की जाणकारही फसत.

रोमन नाण्यांवरील देवतांची वाटणी मात्र सम्राट व सम्राज्ञी यांच्यात सारखी नाही. सम्राटाच्या नाण्यामागे विजय, शांती, दैव, रोमनगरी अशा राज्याशी संबंधित देवता अधिक येतात. मिनर्व्हाला सर्वाधिक मान दिला तो सम्राट डोमिशियनने. भाला, ढाल किंवा वज्र घेतलेल्या मिनर्व्हाची काही ठरावीक रूपे त्याच्या चांदीच्या नाण्यांवर वर्षानुवर्षे पाडली गेली. सम्राज्ञींच्या नाण्यांवर ज्यूनो, व्हीनस, व्हेस्टा, सीरीझ आणि शालीनता, सलोखा व बहुप्रसवता यांच्या देवता आढळतात. धाकटी फॉस्टिना हिच्या नाण्यांवर मुलांना जवळ घेतलेली फेकुंडिटास वारंवार दिसते, कारण तिचे राजकीय महत्त्व वारस देण्यात होते. टायबीरियसच्या काळातील आरोग्यदेवी सालुसच्या प्रसिद्ध नाण्यावरील चेहरा त्याची आई लिव्हिया हिचा असावा असे सामान्यतः मानले जाते. या सर्व स्त्रिया कोणाची तरी पत्नी, आई, बहीण किंवा मुलगी म्हणून नाण्यावर आल्या. स्वतःच्या अधिकाराने राज्य करणाऱ्या स्त्रीसाठी रोमन टांकसाळीने नमुनाच तयार केलेला नव्हता.

क्रिस्टिनाच्या पदकांचे वेगळेपण येथे लक्षात येते. सम्राज्ञींच्या देवतांचा संच तिने जवळजवळ बाजूला ठेवला. शिरस्त्राणधारी मिनर्व्हाचे रूप घेतले आणि तेही मागील बाजूस देवी म्हणून नव्हे, तर दर्शनी बाजूस, जेथे रोमन नाण्यावर सम्राटाचा चेहरा असतो. तिच्या इतर पदकांवर सूर्य, पृथ्वीचा गोल, सिंह, अग्निपक्षी अशी चिन्हे आणि सम्राटांच्या धर्तीचे त्रोटक मुद्रालेख आहेत. राज्य सोडल्यानंतर नाणी पाडण्याचा अधिकार तिच्याकडे उरला नव्हता. पदकाला चलनमूल्य नसते, म्हणून ते पाडायला कोणाची परवानगीही लागत नसे. हातात देता येईल, दूर देशी पाठवता येईल अशी ती राजमुद्राच होती. राज्याशिवायही राजपद टिकते हा फोंतेनब्लोमध्ये रक्त सांडून मांडलेला दावा तिने धातूत अधिक परिणामकारकपणे मांडला, असे म्हणावे लागेल.

अग्निपक्ष्याच्या पदकाविषयी एक गोष्ट सांगितली जाई. त्यावर ग्रीक लिपीत माकेलोस असा एकच शब्द होता. ग्रीक भाषेत त्याचा समाधानकारक अर्थ लागेना, तेव्हा रोममधील पंडितांनी नाना तर्क लढवले. अथानासियस किर्चर या जेझुइट विद्वानाने तो शब्द कॉप्टिक भाषेतील ठरवला, असेही त्या गोष्टीत येते. प्रत्यक्षात तो अनुपम या अर्थाचा स्वीडिश शब्द होता, केवळ ग्रीक वेशात. त्या शब्दाचा दुसरा अर्थ जोडीदार नसलेली असाही होतो. नाणकसंग्राहकांची झीज झालेल्या अक्षरांवरून पांडित्य करण्याची खोड राणीला चांगली माहीत होती.

आयुष्याच्या उत्तरार्धात तिने स्वतःच्या जीवनातील प्रसंगांची पदकमालिका काढण्याचे योजले. फ्लॉरेन्सचा तरुण पदककार मास्सिमिलिआनो सोल्दानी याने १६८१ च्या सुमारास तिच्यासाठी काम केले. १६८२ मध्ये तस्कनीच्या ग्रँड ड्यूकने त्याला परत बोलावून घेतले. जोव्हान्नी बात्तिस्ता गुल्येल्मादा यानेही तिची पदके घडवली. योजलेल्या मालिकेपैकी थोडीच पदके प्रत्यक्षात उतरली. याच काळात फ्रान्सचा चौदावा लुई आपल्या कारकिर्दीचा धातूतील इतिहास विद्वानांच्या एका मंडळाकडून करवून घेत होता. राजकोश आणि टांकसाळ पाठीशी असलेल्या त्या उपक्रमाशी तुलना केली असता क्रिस्टिनाच्या साधनांची मर्यादा उघड होते.

मृत्यू

१६८९ च्या आरंभी ती आजारी पडली आणि १९ एप्रिल रोजी रोममध्ये तिचे निधन झाले. साधेपणाने अंत्यविधी व्हावा ही तिची इच्छा होती, तथापि पोप अकरावा इनोसंट याने तिला संत पीटरच्या बॅसिलिकात सन्मानपूर्वक दफन करविले. बॅसिलिकात असा मान मिळालेल्या स्त्रिया मोजक्याच आहेत. तेथील तिचे स्मारक कार्लो फोंताना याच्या आराखड्यानुसार उभारले गेले व १७०२ मध्ये पूर्ण झाले. त्यात पूर्णाकृती पुतळा नाही. एखाद्या अवाढव्य नाण्यासारखे दिसणारे, तिच्या चेहऱ्याचे गोल धातुचित्र वरच्या भागी बसवलेले आहे.

संग्रहाचे पुढे काय झाले

तिने अझ्झोलिनोला वारस नेमले होते, पण तोही ८ जून १६८९ रोजी, म्हणजे दोन महिन्यांच्या आत मरण पावला. त्याच्या पुतण्याच्या वाट्याला संपत्तीबरोबर कर्जेही आली व विक्रीला सुरुवात झाली. हस्तलिखिते पोप आठवा अलेक्झांडर याने घेतली. ती व्हॅटिकन ग्रंथालयात राणीच्या नावाने स्वतंत्र ठेवलेली आहेत. चित्रे, शिल्पे, रत्ने आणि नाणी १६९२ मध्ये लिव्हिओ ओदेस्काल्की याने विकत घेतली. त्याच्या वारसांनी चित्रे १७२१ मध्ये ऑर्लेआँच्या ड्यूकला आणि शिल्पे १७२४ मध्ये स्पेनच्या राजाला विकली.

नाणी ओदेस्काल्की घराण्याकडे अधिक काळ राहिली. अठराव्या शतकाच्या अखेरीस पोप सहावा पायस याने ती व्हॅटिकनसाठी घेतली. थोड्याच वर्षांत फ्रेंच सैन्य रोममध्ये शिरले आणि पोपचा नाणकसंग्रह पॅरिसला नेण्यात आला. प्रागच्या लुटीतूनच क्रिस्टिनाकडे आलेले, पुढे गोन्झागा कॅमिओ म्हणून प्रसिद्ध झालेले कोरीव रत्नही याच मार्गाने फ्रान्सला गेले. तेथून ते रशियाच्या झारकडे पोहोचले व आज सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे. नाण्यांची अशी एकेक करून वाटचाल शोधणे कठीण आहे, कारण एकाच साच्याची अनेक नाणी असतात आणि मोठ्या संग्रहात मिसळल्यावर जुन्या मालकाची खूण सहसा उरत नाही.

तिच्या हयातीत पिएत्रो सांती बार्तोली या कोरीवकाराने संग्रहातील रोमन सम्राटांच्या काश्य नाण्यांची चित्रे तांब्याच्या पत्र्यांवर कोरून ठेवली होती. ती दीर्घकाळ अप्रकाशित राहिली. लायडनचा प्राध्यापक झीगबेर्ट हावरकांप याने त्यांना लॅटिन विवरण जोडले आणि १७४२ मध्ये हेग येथे तो ग्रंथ राणीच्या नावाने प्रसिद्ध झाला. रोमन टांकसाळीत पाडलेल्या नाण्यांबरोबर ग्रीक लेख असलेली आणि रोमन वसाहतींत पाडलेली नाणीही त्यात आहेत. क्रिस्टिनाच्या संग्रहातील हा भाग आज एकत्र पाहायचा असेल, तर तो बार्तोलीच्या त्या ६३ ताम्रपटचित्रांत पाहता येतो.